मामाचा बाबा कसा होतो? मऊ टाळूचे पाच स्नायू आरशासमोर बसून शिकूया

नाक चिमटीत घट्ट धरा आणि मोठ्याने 'मामा' म्हणा. ऐकू येईल ते 'बाबा'च्या जवळपासचं काहीतरी. आता 'नाना' म्हणा. त्याचा 'दादा' व्हायला लागेल. सर्दी झाली की नात्यांची ही अदलाबदल घरोघरी होते. आता नाक तसंच धरून 'काका' म्हणा. काका मात्र काकाच राहतात.

असं का? 'काका' म्हणताना तोंडातून नाकाकडे जाणारी वाट आतून आधीच बंद झालेली असते. बाहेरून नाक दाबलं काय, न दाबलं काय, फरक पडत नाही. 'मामा'ला मात्र ती वाट उघडी लागते. हा दरवाजा म्हणजे मऊ टाळू, आणि तो हलवणाऱ्या स्नायूंच्या पाच जोड्या आहेत.

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला हे पाच स्नायू तक्त्यात शिकवले जातात: उगम, शेवट, चेता (मेंदूचे आदेश पोचवणारी नस), काम. मुलं रात्रभर घोकतात आणि आठ दिवसांत विसरतात. डिसेक्शन हॉलमध्ये वर्षानुवर्षं मुलांना हा भाग दाखवताना माझं मत पक्कं होत गेलं की क्रम उलटा हवा. आधी स्वतःचं तोंड, मग कवटी, तक्ता सगळ्यात शेवटी. इथे त्याच क्रमाने जाऊ. वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि वाचा-उपचाराच्या विद्यार्थ्यांना याचा उपयोग होईलच. गाणं शिकणाऱ्यांना आणि टाळू दुभंगलेल्या बाळाच्या आईवडिलांनाही व्हावा.

एक शब्दांची गंमत आधीच सांगून ठेवतो. मराठीत बाळाच्या डोक्यावरच्या मऊ जागेलाही टाळू म्हणतात आणि तोंडाच्या छतालाही. एकीला आजी तेल लावते. आपण दुसरीबद्दल बोलतोय.

पायरी 1: आरसा आणि टॉर्च

हात स्वच्छ धुवा. आरशासमोर बसा, मोबाइलचा टॉर्च तोंडात पडेल असा धरा. तोंड मोठं उघडा, पण जीभ बाहेर काढू नका, आणि श्वास तोंडाने घ्या.

जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवा आणि हळूहळू मागे सरकवा. आधी खरबरीत वळ्या लागतील, मग गुळगुळीत पण टणक छत. जिथे टणकपणा संपून जीभ एकदम मऊ जागी रुतते, तिथे हाड संपलं. पुढचा साधारण दोन तृतीयांश भाग कठीण टाळूचा, मागचा एक तृतीयांश मऊ टाळूचा. मऊ टाळूत हाड अजिबात नाही. श्लेष्मल त्वचेच्या दोन थरांमध्ये स्नायू, ग्रंथी आणि एक चिवट पडदा, एवढंच.

आता मागे बघा. मधोमध पडजीभ लोंबतेय. तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन कमानी आहेत, एक पुढची आणि एक मागची. दोन्हींच्या मधल्या खाचेत टॉन्सिल. पुढच्या कमानीत आहे पॅलाटोग्लॉसस, टाळूपासून जिभेच्या कडेला जाणारा. मागच्या कमानीत पॅलाटोफॅरिंजिअस, टाळूपासून घशाच्या भिंतीत उतरणारा. पडजिभेत मस्क्युलस युव्ह्युली. एकही पुस्तक न उघडता पाचातले तीन दिसले. (स्नायू म्हणजे लाल मांस दिसेल, असं समजू नका. दिसते ती फक्त त्वचेची घडी. स्नायू तिच्या आत.)

आता तोडून तोडून 'आ, आ, आ' म्हणा. पाणीपुरी खाताना काढतो तसा लांबलचक 'आऽऽ' नको. प्रत्येक 'आ'ला टाळू झटक्याने वर आणि मागे जाते. सगळ्यात वर काय जातं ते नीट पाहा. पडजिभेचं टोक नव्हे. पडजिभेच्या बरीच पुढे, मधोमध, एक खळगा पडतो, आणि टाळू तिथे गुडघ्यात वाकवल्यासारखी होते. हा खळगा म्हणजे चौथ्या स्नायूचा ठसा. त्याचं नाव लेव्हेटर व्हेली पॅलाटिनी. पाचांत सगळ्यात जास्त कष्ट हाच करतो.

पाचवा, टेन्सर व्हेली पॅलाटिनी, आरशात दिसत नाही. त्याच्यासाठी कवटी लागेल.

पायरी 2: थंड चमचा

स्टीलचा चमचा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पुसून नाकपुड्यांच्या अगदी खाली आडवा धरा. श्वास आत घ्या आणि एका दमात म्हणा: 'पोपट काकडी खातो.' वाक्य संपताक्षणी, श्वास सोडायच्या आधी, चमचा बाजूला करा. त्यावर वाफ नसायला हवी, कारण या वाक्यात एकही अनुनासिक नाही. मग चमचा पुसून म्हणा: 'मामी, मनीमाऊ.' चमचा धुरकट होतो.

तिसरा प्रयोग 'ओम'चा. 'ओ' लांबवा, मग 'म्'वर या. 'ओ'ला चमचा कोरडा, 'म्'ला वाफ. दरवाजा कोणत्या क्षणी उघडला, ते असं डोळ्यांना दिसतं. तंबोऱ्याबरोबर गुणगुणणारे रोज हेच करतात. फक्त हातात चमचा नसतो.

आपल्या वर्णमालेची रचना करणाऱ्यांना ही यंत्रणा चांगलीच कळली होती. प्रत्येक वर्गाच्या शेवटी अनुनासिक बसवलंय: ङ, ञ, ण, न, म. पाणिनीने तर अनुनासिकाची व्याख्याच तोंड आणि नाक दोन्हींनी उच्चारला जाणारा वर्ण अशी केली. 'ब' आणि 'म' म्हणताना ओठ सारखेच मिटतात, कंठही दोन्हींत घुमतो. फरक फक्त मागचा दरवाजा बंद की उघडा, एवढाच. म्हणून तर मामाचा बाबा होतो. जाता जाता आणखी एक: शाळेत क-वर्गाला आपण कंठ्य म्हणतो, पण 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग टेकतो तो मऊ टाळूलाच. सावकाश म्हणून पाहा.

पायरी 3: कवटी हातात घ्या

कवटी उलटी धरा, म्हणजे वरचे दात तुमच्याकडे बघतील. कठीण टाळूच्या मागच्या कडेशी, दोन्ही बाजूंना, स्फेनॉइड या कवटीच्या तळाच्या हाडाच्या पंखासारख्या पातळ पट्ट्या खाली उतरतात. त्यातल्या आतल्या पट्टीच्या टोकाला बारीकसा आकडा आहे. हाच टेरिगॉइड हॅम्युलस. महाविद्यालयातल्या जुन्या कवट्यांमध्ये तो निम्म्या वेळा मोडलेला असतो. शाबूत कवटी शोधायला वेळ लागला तरी शोधा, कारण टेन्सरची सगळी गोष्ट या आकड्यावर लटकली आहे.

हा आकडा तुमच्या तोंडातही लागतो. स्वच्छ बोट वरच्या शेवटच्या दाढेच्या मागे आणि किंचित आतल्या बाजूला न्या. बारीक, टणक उंचवटा लागेल. नखं कापलेली असावीत, आणि उमासा आला की हट्ट करू नका.

आता टेन्सर. तो उगम पावतो कवटीच्या तळाशी: आतल्या पट्टीच्या मुळाशी असलेल्या स्कॅफॉइड खळग्यातून, स्फेनॉइडच्या काट्यापासून, आणि या दोहोंमध्ये कानाच्या युस्टेशियन नळीच्या बाहेरच्या अंगापासून. तिथून त्रिकोणी पट्टा होऊन सरळ खाली उतरतो. उतरता उतरता त्याचा कंडरा, म्हणजे दोरीसारखा चिवट भाग, होतो. कंडरा हॅम्युलसला वळसा घालून काटकोनात आत वळतो, आणि टाळूत पंख्यासारखा पसरून दुसऱ्या बाजूच्या कंडऱ्याला मिळतो. हा पसरलेला भाग म्हणजे पॅलाटाइन अ‍ॅपोन्युरोसिस, टाळूतला तो चिवट पडदा. विहिरीवरची कप्पी आठवा. दोर येतो एका दिशेने आणि जातो दुसऱ्याच. हॅम्युलस ही कप्पी. स्नायू उभा असूनही टाळूला आडवा ताण देतो, तो यामुळेच.

लेव्हेटरला कप्पी नाही. तो टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या, हाडाच्या पेट्रस भागाच्या खालच्या बाजूने आणि युस्टेशियन नळीच्या कूर्चेपासून (लवचीक भागापासून) निघतो, घशाच्या वरच्या आकुंचक स्नायूच्या वरच्या कडेवरून आत शिरतो, आणि तिरका खाली-पुढे येत टाळूच्या मधोमध दुसऱ्या बाजूच्या लेव्हेटरला मिळतो. दोघांची मिळून झोळी होते. झोळीची दोन्ही टोकं वर-मागे बांधलेली. ओढली की बूड वर-मागेच जाणार. आरशात दिसलेला खळगा त्या बुडाचा.

टेन्सर पट्टीच्या बाहेरून येतो, लेव्हेटर आतून. कवटीवर बोट ठेवून दोन्ही वाटा चारदा गिरवा. पुस्तकातल्या आकृतीत या दोघांची हमखास गल्लत होते, बोटाखाली होत नाही.

पायरी 4: टेबल, रुमाल आणि दोरे

हा खेळ पोरकट वाटेल, पण मी बघितलंय, तक्ता विसरलेल्या मुलांना हा रुमाल आठवतो. टेबल म्हणजे कठीण टाळू. त्याच्या कडेला मोठ्या रुमालाची एक बाजू चिकटपट्टीने लावा, रुमाल खाली लोंबू द्या. मोकळ्या कडेला मधोमध छोटी गाठ मारा: पडजीभ.

टेबलाच्या कडेजवळ रुमालाच्या दोन्ही अंगांना एकेक दोरा बांधा आणि बाजूला सरळ ओढता येईल असा ठेवा, हे टेन्सर. रुमालाच्या मध्यभागी दोन दोरे बांधून वर आणि मागे न्या, लेव्हेटर. खालच्या कोपऱ्यांजवळून दोन दोरे खाली-पुढे, दोन खाली-मागे. पॅलाटोग्लॉसस आणि पॅलाटोफॅरिंजिअस. एकट्याचं काम नाही, मित्र बोलवा.

आधी फक्त लेव्हेटरचे दोरे ओढा. रुमाल मधूनच चुरगळत वर जातो. आता टेन्सरचे दोरे आधी ताणा, आणि ते ताणलेले असताना लेव्हेटर ओढा. पुढचा भाग ताठ राहतो आणि मागचा भाग अखंड उचलला जातो. टेन्सर मुख्यतः ताणतो, उचलत नाही. परीक्षेत 'टेन्सर टाळू वर उचलतो' असं लिहिणाऱ्यांनी हे दोरे एकदा तरी ओढून बघावेत.

पायरी 5: आवंढा गिळा, जांभई द्या

आता सगळे एकत्र कामाला लावू. तोंडात पाण्याचा घोट धरा आणि नाकाने श्वास घेत राहा. घोट तोंडातच राहतो, कारण पॅलाटोग्लॉससने टाळू खाली आणि जिभेचा मागचा भाग वर ओढून तोंडाचा मागचा दरवाजा लावून घेतलाय. जेवताना चावता चावता नाकाने श्वास चालतो, तो याच बंदोबस्तामुळे.

आता गिळा. लेव्हेटर टाळू उचलून घशाच्या मागच्या भिंतीला टेकवतो. मस्क्युलस युव्ह्युली आकसून टाळूच्या वरच्या पृष्ठभागावर मधोमध उंचवटा करतो आणि उरलेली फट भरतो. घशाच्या बाजूच्या भिंतीही आत सरकतात. काही जणांत मागची भिंतसुद्धा वळीसारखी पुढे येते. तिला पासावांची कड म्हणतात. गुस्ताव पासावां हे 19व्या शतकातले फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक. ही कड सगळ्यांत नसते, त्यामुळे नाही दिसली म्हणून दोष समजायचं कारण नाही. दरम्यान पॅलाटोफॅरिंजिअस घसा आणि स्वरयंत्र वर खेचतो. कंठमण्यावर बोट ठेवून गिळा, तो उडी मारताना लागेल. हे सगळं सेकंदाभरात. यात गफलत झाली, म्हणजे चहा पिताना कोणी विनोद केला, की चहा नाकात.

टेन्सरचं आणखी एक काम मला या सगळ्यात लाडकं आहे. कसारा घाट किंवा खंबाटकी उतरताना कानाला दडे बसतात ना? खाली उतरावं तसा बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत दाबला जातो. मधल्या कानातून घशात येणारी युस्टेशियन नळी एरवी मिटलेली असते. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की टेन्सर तिच्या बाहेरच्या भिंतीला खेचतो, नळी क्षणभर उघडते, हवा आत जाते आणि कानात 'टक्' होतं. म्हणून घाटात गोळी चघळायची, आणि विमान खाली उतरताना तान्ह्या बाळाला अंगावर पाजायचं.

पायरी 6: चेता, म्हणजे तोंडी परीक्षेची आवडती जागा

टाळूच्या सगळ्या स्नायूंना व्हेगस ही मेंदूतून निघणारी चेता फॅरिंजियल प्लेक्ससमधून (घशाच्या भिंतीवरच्या चेतांच्या जाळ्यातून) पुरवठा करते. अपवाद टेन्सर; त्याला मँडिब्युलर, म्हणजे खालच्या जबड्याच्या, चेतेची शाखा. कारण गर्भातलं आहे. टेन्सर गर्भाच्या घशाशी असणाऱ्या कमानींपैकी पहिल्या फॅरिंजियल कमानीतून घडतो (आरशातल्या कमानी वेगळ्या), म्हणजे चावण्याच्या स्नायूंच्या घराण्यातला. बाकीचे चौथ्या कमानीतले. पुष्कळ पुस्तकांत व्हेगसऐवजी 'क्रेनियल अ‍ॅक्सेसरी, व्हेगसमार्फत' असं लिहिलेलं असतं. गोंधळू नका, वाट तीच.

तीन अपवाद एकत्र बांधून ठेवा. टाळूचे सगळे व्हेगसचे, टेन्सर सोडून. जिभेचे सगळे हायपोग्लॉसल चेतेचे, पॅलाटोग्लॉसस सोडून, त्याला व्हेगस. घशाचे सगळे व्हेगसचे, स्टायलोफॅरिंजिअस सोडून, त्याला ग्लॉसोफॅरिंजियल चेता.

मग तपासणी. रुग्णाला 'आ' म्हणायला सांगा आणि पडजीभ कुठे सरकते ते बघा. एका बाजूची व्हेगस निकामी असेल तर धडधाकट बाजूचा लेव्हेटर एकटाच ओढतो आणि पडजीभ चांगल्या बाजूला जाते. जीभ याच्या बरोबर उलट: बाहेर काढली की लुळ्या बाजूला वळते. माझ्या स्वतःच्या तोंडी परीक्षेत मी हे उलटं सांगितलं होतं. परीक्षकांनी काही न बोलता टेबलावरचा रुमाल एका कोपऱ्याने ओढून दाखवला. वरचा रुमालाचा खेळ तिथूनच आलाय. शांत असताना पडजीभ जन्मतःच किंचित तिरकी असू शकते, म्हणून निदान नेहमी हलत्या टाळूवर करा.

पायरी 7: दरवाजा बिघडतो तेव्हा

मराठीत 'गेंगाणं बोलणं' हा एकच शब्द आपण दोन उलट्या बिघाडांना वापरतो, आणि त्यातून खूप घोळ होतो. सर्दी किंवा वाढलेल्या अ‍ॅडेनॉइडमुळे (नाकाच्या मागे, घशाच्या वर असणाऱ्या टॉन्सिलसारख्या गाठीमुळे) नाक चोंदलं तर 'मामा'चा 'बाबा' होतो. हवा नाकात जायला हवी तिथे जात नाही. टाळूचा दरवाजा नीट मिटत नसेल तर उलटं होतं: 'काका', 'पोपट' म्हणताना हवा नाकातून निसटते, 'ब' 'म'कडे झुकतो, प-ट-क यांतला जोर जातो, आणि द्रवपदार्थ नाकातून येतात. डॉक्टरांकडे गेल्यावर 'गेंगाणं बोलतो' एवढ्यावर थांबू नका. कोणते शब्द बिघडतात ते सांगा. घरी चमच्याची चाचणी करून गेलात तर उत्तमच.

गाल फुगवून बघायची चाचणी पुष्कळ जण करतात. तिच्यात एक पळवाट आहे. जिभेचा मागचा भाग टाळूला लावूनही गाल फुगवता येतात, मग टाळू कमजोर असली तरी कळत नाही. म्हणून जीभ ओठांबाहेर काढून, नाक चिमटीत धरून गाल फुगवायला सांगा, आणि मग नाक सोडा. गालातली हवा नाकातून फुस्स झाली तर दरवाजा गळका.

टाळू जन्मतःच दुभंगलेली असेल, तर लेव्हेटरची झोळी बनलेलीच नसते. मध्यावर एकमेकांना मिळण्याऐवजी दोन्ही बाजूंचे तंतू पुढे वळून कठीण टाळूच्या मागच्या कडेला चिकटलेले असतात. म्हणून नुसती फट शिवून भागत नाही. शल्यचिकित्सक तंतू सोडवून आडवे फिरवतात आणि झोळी बांधतात. तोंडात दूध ओढण्याइतका कमी दाब तयार होत नाही, त्यामुळे अशी बाळं अंगावर नीट ओढू शकत नाहीत. त्यांना वेगळ्या बाटलीने किंवा वाटी-चमच्याने, उभं धरून पाजायला शिकवावं लागतं. आणि टेन्सरला नळी धड उघडता येत नसल्याने मधल्या कानात द्रव साठून ऐकू कमी येतं. आईवडिलांचं सगळं लक्ष तोंडाकडे असतं. कानाची तपासणी आठवणीने मागून घ्या.

घटसर्पाचं नाव आता कमी ऐकू येतं, पण तो गेलेला नाही. त्याच्या विषाने चेतांवर परिणाम झाला की टाळू लवकर लुळी पडते. घसादुखी होऊन गेल्यावर काही दिवसांनी मूल गेंगाणं बोलू लागलं आणि पाणी नाकातून येऊ लागलं, तर सर्दी समजून घरी थांबू नका. मोठ्या माणसात असं अचानक झालं, ठसका लागू लागला किंवा बोलणं अडखळलं, तर तो अर्धांगाचा झटका असू शकतो. त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

शेवटी पडजीभ. कोरडा खोकला लागला की 'पडजीभ वाढली' असं घरात कोणीतरी म्हणतंच. बहुतेक वेळा बिचारीचा काही दोष नसतो. पण तिच्याकडे बघावं असं एक खरं कारण आहे. ती टोकाला दोन फाट्यांची असेल, तर टाळूच्या मधल्या रेषेत त्वचा पातळ, निळसर आहे का ते पाहावं, आणि कठीण टाळूची मागची कड बोटाने चाचपावी. तिथे खाच लागली, तर वरून अखंड दिसणाऱ्या त्वचेखाली स्नायू दुभंगलेले असू शकतात. अशा मुलाचे अ‍ॅडेनॉइड काढायचे ठरत असेल, तर शस्त्रक्रियेआधी हे कान-नाक-घसा तज्ज्ञांना आवर्जून सांगा. आखूड टाळू इतके दिवस त्या फुगलेल्या अ‍ॅडेनॉइडलाच टेकून दरवाजा मिटवत असते. ते काढले की टेकू जातो, आणि काल 'मामा'ला 'बाबा' म्हणणारं मूल उद्यापासून 'बाबा'ला 'मामा' म्हणू लागतं.